बिनसावलीचा शरभ

सोलापूर
१८ नोव्हेंबर २०२४

अक्का,

शरणु. तुझे कान गेल्यापासून आपलं फोनवर बोलणं म्हणजे नुसता आरडाओरडा झालाय. परवा मी इतका ओरडलो की शेजारचे खिडकीत आले, आणि तुला तरी काही कळलं नाही ते नाहीच. म्हणून पुन्हा पत्र. सोबत पेपरातलं कात्रण आहे, ते आधी बघ आणि मग पुढं वाच.

बघितलंस? पान एक! खाली छायाचित्रकार म्हणून तुझ्या भावाचं नाव. चाळीस वर्षं लोकांची लग्नं, मुंजी, पासपोर्ट फोटो काढले, पेपरात कधी नाव आलं नाही. आलं ते स्टुडिओ बंद करून दोन वर्षं झाल्यावर.

भाऊबीजेला आलो होतो ना, त्याच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट. तू आणि दाजी चहा घेत होता. मी कॅमेरा गळ्यात अडकवून तुमच्या उडदाच्या मोकळ्या रानातून टेकडीकडे गेलो. सूर्य नुकता वर आला होता. बाभळीच्या पलीकडे हे उभं होतं. सिंहासारखी आयाळ, वाकलेली पाठ, वर वळलेली शेपूट. तुमच्या गावच्या महादेवाच्या दारावर हत्तीला पायाखाली दाबून उभा असलेला शरभ आहे ना, अगदी तोच. गावातले म्हातारे सांगतात की तो दारावरून उतरून ओढ्याला पाणी प्यायला जातो. आपण हसायचो. एकच फोटो मिळाला, तेवढ्यात ते गेलं. तुम्हाला तेव्हाच सांगितलं नाही कारण आधी नीट बघायचं होतं.

पेपरवाल्यानं वर छापलंय, "अक्कलकोट तालुक्यात शरभ?" ते प्रश्नचिन्ह त्याचं, माझं नाही. पुण्याहून एका प्राध्यापकांचा फोन आला. ते म्हणाले, आजारी तरस असेल. म्हणा बापडे. आमच्या छायाचित्रकार संघटनेनं १९ जानेवारीला सत्कार ठरवलाय, शाल, श्रीफळ आणि भाषणसुद्धा. रत्ना म्हणते, पंधरा दिवसांत तुम्ही दहा वर्षांनी तरुण झालात. गल्लीतले लोक थांबवून नमस्कार करतात. अक्का, तुला म्हणून सांगतो, फार बरं वाटतं.

दाजींना शरणु.

तुझा
गुरुशांत

शेतवस्ती, ता. अक्कलकोट
२८ नोव्हेंबर २०२४

चि. गुरुशांत यास,

तम्मा, कात्रण यायच्या आधीच तुझा शरभ गावात येऊन बसला होता. इथं प्रत्येकाच्या मोबाईलवर तो आहे. तुझे दाजी चावडीवर गेले तर चहाचे पैसे कोणी घेईना. "सिद्रामप्पा, तुमच्या मेव्हण्याला दर्शन झालं की हो!" घरी आले ते ताठ मानेनं. मी म्हटलं, दर्शन भावाला आणि फुकट चहा तुम्हाला, हे बरं आहे.

तुझं नाव झालं याचा मला आनंद आहे. स्टुडिओचं शटर शेवटचं ओढलंस त्या दिवशीचा तुझा चेहरा मी विसरलेली नाही.

पण गावात भीती पसरलीय. बायका एकट्या रानात जाईनात. आणि शेजारच्या शिवशरणनं एक नवीनच काढलंय. तो सगळ्यांना फोटो मोठा करून दाखवतो. म्हणतो, बाभळीची सावली पडलीय, दगडांची पडलीय, बारीक काड्यांचीही पडलीय, या जनावराची नाही. ज्याला सावली नाही ते जिवंत नाही, हे आपल्याकडं शेंबडं पोरही सांगेल. ज्यांना आधी फोटो खोटा वाटत होता त्यांनाही आता तो खरा वाटायला लागलाय.

बजाबाई मात्र हसते. तिला तू ओळखतोस, सांगोल्याकडची धनगरीण. तीस वर्षं झाली, दर दिवाळीला तिची मेंढरं आपल्या रानात बसतात. रानाला खत, मेंढरांना चारा. तू आलास त्याच्या दोनच दिवस आधी तिचा मेंढवाडा रानात उतरला होता. मुलगा सिदू, सून दिपाली, आणि ती फाटक्या कानाची कुत्री भिंगरी. मी तिला कात्रण दाखवलं. लांब धरलं, जवळ धरलं आणि म्हणाली, "दानाक्का, आमी जलम काडला ह्या माळावर. लांडगा बगितला, तरस बगितलं. असलं काय न्हाय बगितलं. आन् आसंल तर त्येला भूक लागत नसंल. एक कोकरू कमी न्हाय झालं की माजं!"

मलाही त्या फोटोत एक गोष्ट दिसली. आता लिहीत नाही. कधी भेटलास तर बोलू.

तुझी अक्का
दानम्मा

सोलापूर
१० डिसेंबर २०२४

अक्का,

पत्र मिळालं. खरं सांगू का, थोडा राग आला. अक्षर तुझं असलं तरी आवाज शिवशरणचा वाटला. त्या गृहस्थाला फोटोतलं काय कळतं? सूर्य तिरका असला, जनावर चढावर असलं, गवत उंच असलं की सावली हरवते. हे तांत्रिक आहे. आम्ही चाळीस वर्षं उगाच उन्हाशी खेळलो नाही.

आणि गावात भीती पसरली यात माझा काय दोष? लोकांना भ्यायला काहीतरी लागतंच. चार दिवसांनी विसरतील.

बजाबाईला म्हणावं, तुला दिसलं नाही म्हणजे नाहीच असं होत नाही.

मी सध्या भाषणाच्या तयारीत आहे. "दगडातला शरभ आणि रानातला शरभ" असं नाव दिलंय. देवळांच्या दारांवरचे, किल्ल्यातले, मिळून बावीस शरभांचे फोटो आहेत माझ्याकडे. शेवटी हा तेविसावा. मोठा करून चौकटीत घालायला दिलाय.

तुला फोटोत काय दिसलं ते लिहिलं नाहीस. लिही ना. असं अर्धवट सोडू नकोस, मला जेवण जात नाही.

तुझा
गुरुशांत

शेतवस्ती
२ जानेवारी २०२५

गुरुशांत,

तुला जेवण जात नव्हतं ना? मग आता बसून वाच.

सोमवारी वेळ अमावस्या झाली. तुला माहीत आहे, त्या दिवशी सगळं गाव आपापल्या रानात जेवतं. मी नेहमीप्रमाणं कडब्याची कोप बांधून घेतली, आत पाच दगडांचे पांडव मांडले, पूजा केली. पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीची भाकरी, अंबील. भीतीमुळं यंदा लोक एकेकटे बसायला तयार नव्हते, म्हणून आजूबाजूची पाच-सहा घरं आपल्याच रानात आली. बजाबाईचं घरही होतं. तीस वर्षांत तिच्याशिवाय आमची वेळ अमावस्या झालेली नाही.

जेवणं चालू होती. भिंगरी नेहमीसारखी येऊन कोपीच्या तोंडाशी बसली. आणि शिवशरण ताटावरून उठला. मोबाईल काढून तिच्या डोक्याशेजारी धरला. म्हणाला, "बघा. डावा कान बघा."

मला ऐकू आलं नाही, हे नंतर कळलं, पण सगळ्यांच्या माना वळल्या म्हणून मी उठून गेले आणि बघितलं. तुझ्या शरभाचा डावा कान मधोमध फाटलेला आहे. भिंगरीचा कान लांडग्यानं फाडला तो असाच, त्याच ठिकाणी. मी आजवर तुझ्या फोटोत दुसरंच बघत बसले होते, कानाकडं माझं लक्षच गेलं नव्हतं.

शिवशरण माझ्या कानाशी येऊन ओरडला, "दिवसा कुत्री, पहाटे हे! ही बाई कुठून कुठून फिरून येते, काय पाळते कुणाला ठाऊक?"

भर दुपार होती. भिंगरीची सावली तिच्या पायाशीच पडली होती, चांगली काळीभोर. मी ती बघत होते. एकानंही खाली बघितलं नाही. सगळे मोबाईलमधलीच सावली शोधत होते.

मग सरपंच मला मोठ्यानं म्हणाले, "दानाक्का, फोटो तुमच्या भावाचा. तुम्हीच सांगा, खरा का खोटा?" बजाबाई माझ्याकडं बघत होती. तिच्या तोंडावर भीती नव्हती. दानाक्का आता सांगेल आणि हे सगळं मिटेल, असंच तिला वाटत असणार.

मी म्हणाले, "माझा भाऊ खोटं बोलत नाही."

भिंगरीला कोणीतरी भज्जी-भाकरी घातली. कोणीतरी कशाला म्हणू, शिवशरणनं. त्यात उंदराचं औषध होतं. भाकरी माझ्या हातची होती, पांडवांना नैवेद्य दाखवलेली. भिंगरी टेकडीकडं गेली आणि दिवस मावळायच्या आत मेली. सिदूनं तिला बाभळीखाली पुरलं. काल सकाळी पाच-सहा जण येऊन म्हणाले, मेंढरं उचला. बजाबाई भांडली नाही. मेंढरांभोवती लावलेली वाघरीची जाळी गुंडाळली, बिऱ्हाड घोड्यावर लादलं. जाताना माझ्याजवळ आली आणि माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "तुजं बी खरं हाय, अक्का. भाऊ त्यो भाऊच की."

आता मला काय दिसलं होतं ते सांगते. माझ्या लग्नाचा फोटो. अव्वा माझ्या लग्नाच्या तीन महिने आधी गेली. तू तेव्हा अठरा वर्षांचा, स्टुडिओत नुकता कामाला लागलेला. जत्रेतल्या जुन्या फोटोतून आपल्या आईला कापून तू माझ्या शेजारी उभं केलंस. मला न सांगता केलंस, आणि फोटो हातात दिलास तेव्हा मी किती रडले तुला आठवत असेल. पहिल्या वर्षातच माझ्या लक्षात आलं होतं. त्या अंगणात सगळ्यांच्या सावल्या आहेत. नवऱ्या मुलाची आहे, अप्पांची आहे, मांडवाच्या खांबाची आहे. अव्वाची नाही. तू विसरलास. मी तुला कधी बोलले नाही. उलट सुनांना, नातवंडांना सांगत आले, माझी आई माझ्या लग्नात माझ्या शेजारी उभी होती.

म्हणून तुझं कात्रण हातात आलं त्याच दिवशी मला कळलं होतं की हे जोडकाम आहे. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, गुरुशांत. आणि सगळं गाव विचारत असताना मी तोंड उघडलं ते खोटं बोलायला. माझ्या तोंडाला राख लागली. तुझ्या हाताला काय लागलंय ते तू बघ.

दानम्मा

सोलापूर
७ जानेवारी २०२५

अक्का,

पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा हातात घ्यायला धीर होईना. रत्नानं विचारलं, काय झालं, तर म्हणालो अक्काची तब्येत बरी नाही. म्हणजे आणखी एक खोटं.

तुझ्यापाशी सगळं सांगतो. त्या सकाळी टेकडीजवळ भिंगरीच उभी होती. मी तिला ओळखलं होतं. आदल्या दिवशी तिला तुझ्या ताटातली पुरणपोळी मीच घातली होती. कोवळं ऊन मागून येत होतं आणि तिच्या पाठीवरच्या केसांना उजेडाची कड आली होती. मला दारावरच्या शरभाची आठवण झाली, म्हणून फोटो काढला. घरी कॉम्प्युटरवर बसलो. आधी गंमत म्हणूनच. देवळाच्या दारावरची आयाळ घेतली, तिच्या मानेला लावली. बसली. मग शेपूट. मग पाठ. अक्का, स्टुडिओ बंद झाल्यापासून हाताला असं काम मिळालं नव्हतं. जेवायचंही भान राहिलं नाही.

मग संघटनेतल्या एका मित्राला दाखवला. तो खुर्चीतून उठून उभा राहिला. म्हणाला, "गुरुशांत, हे खरंच दिसलं तुला?" मी हसून सांगणार होतो. पण माझ्या फोटोसाठी याआधी कोणी खुर्चीतून उठलं नव्हतं. मी "हो" म्हणालो. पुढचं सगळं त्या एका शब्दामागून आलं.

आणि सावली. अव्वाच्या वेळी मी विसरलो होतो. या वेळी विसरलो नाही. सावली होती. लांब पडलेली, साध्या कुत्रीची, शेपूट खाली सोडलेली. शरभाखाली ती ठेवली असती तर शेंबड्या पोरालाही कळलं असतं. म्हणून मी ती पुसली. नवीन काढायला दोन दिवस लागले असते आणि मला घाई झाली होती. कान मुद्दाम ठेवला. लढून आलेल्या जनावराचा वाटत होता तो. तुला मागच्या पत्रात तांत्रिक म्हणून जे लिहिलं ते लिहिताना मला कुठंही अडखळायला झालं नाही, हे आठवून आज मला माझी शिसारी येते.

भिंगरी माझ्यामुळं मेली. बजाबाईचं तीस वर्षांचं रान माझ्यामुळं सुटलं. तुझ्या तोंडून खोटं निघालं तेही माझ्यासाठीच.

मी सांगणार आहे. पेपरला, संघटनेला, तुमच्या गावालाही. पण अक्का, एक मागतो. १९ तारीख तेवढी होऊ दे. पत्रिका वाटून झाल्यात. रत्नाचे माहेरचे विजापूरहून येणार आहेत. त्यांच्यासमोर तिची मान खाली जाईल. कार्यक्रम झाला की दुसऱ्याच दिवशी मी स्वतः येतो आणि सगळ्यांसमोर बोलतो. तोवर तू काही बोलू नकोस. बारा दिवसांचाच प्रश्न आहे. कुत्री काही आता परत येणार नाही.

तुझा
गुरुशांत

शेतवस्ती
१४ जानेवारी २०२५

गुरुशांत,

"कुत्री काही आता परत येणार नाही." हे वाक्य तू लिहिलंस. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

मी थांबले नाही. काल भोगी होती, सोमवारही होता. सोमवारी महादेवाच्या देवळात गाव जमतं. सकाळी मी भिंतीवरचा लग्नाचा फोटो काढला. चव्वेचाळीस वर्षांत तो कधी खिळ्यावरून उतरला नव्हता. मागं भिंतीचा पांढरा चौकोन राहिला. तुझे दाजी म्हणाले, "नको गं, आपलीच अब्रू जाईल." मी म्हटलं, ती परवाच रानातून मेंढरांच्या मागं गेली.

फोटो पदराखाली घेऊन गेले. आरती झाली आणि दाराशीच उभी राहिले, तुझ्या त्या दगडी शरभाखाली. मला माझा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळं किती मोठ्यानं बोलले ते देवाला ठाऊक. म्हणाले, "ही माझी आई. माझ्या लग्नाआधीच वारली. बघा, हिला सावली नाही. ही भूत नव्हे. माझ्या भावानं हिला फोटोत जोडलंय. शरभही त्यानंच जोडलाय, भिंगरीच्या अंगावर. मला पहिल्यापासून माहीत होतं. रानात मला विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले."

फोटो हातोहात फिरला. लोक अव्वाच्या पायाखाली बोटं लावून बघत होते. ते बघताना मला कसं झालं ते तुला सांगता येत नाही. चव्वेचाळीस वर्षं जपलेली माझी आई, आणि लोक तिच्या पायाखालची माती तपासतायत. माझी नात तिथंच होती. कानाशी येऊन म्हणाली, "म्हणजे पणजी तुझ्या लग्नात नव्हतीच?" मी नाही म्हणाले.

दोघं-तिघं हसले. एक जण म्हणाला म्हणे, आता बजाबाईला वाचवायला म्हातारी नवीन गोष्ट सांगतेय. शिवशरणनं फोटो हातात घेऊन बघितला. नंतर देवळाच्या पायरीवर डोकं धरून बसला. त्याच्याशी कोणी बोललं नाही, मीही नाही. एकट्या त्याला दोष द्यायचा मला काय अधिकार?

आपल्या घराला आता तोंड लपवायला जागा नाही. तुझे दाजी कालपासून चावडीवर गेलेले नाहीत. पण रात्री त्यांनी माझं ताट स्वतः वाढलं.

तू तुझी १९ तारीख कर. मला बोलावू नकोस. तीळगूळ पाठवत नाही, राग मानू नकोस. यंदा गोड बोला असं कोणाला म्हणायला माझी जीभ वळत नाही.

दानम्मा

सोलापूर
२ फेब्रुवारी २०२५

अक्का,

तुझं पत्र १८ तारखेला मिळालं. म्हणजे कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी. कळल्यावरही मी काय केलं ते ऐक.

मी गेलो. व्यासपीठावर बसलो. मनात ठरवलं होतं की भाषणात सांगून टाकायचं. एकेक शरभ पडद्यावर दाखवत गेलो, बावीस झाले. तेविसावा आला. पडद्यावर भिंगरी माझ्याकडं बघत होती. मी तोंड उघडलं, समोर पहिल्या रांगेत रत्ना नवी इरकल नेसून बसलेली, आणि मी म्हणालो, "धन्यवाद." लोकांनी टाळ्या वाजवल्या. खांद्यावर शाल पडली. ती मी घरापर्यंत काढलीसुद्धा नाही. अक्का, भिंगरी माझ्यामुळं मेली त्यापेक्षाही या गोष्टीची मला जास्त लाज वाटते. तेव्हा मला ठाऊक नव्हतं काय होणार. आता सगळं ठाऊक होतं.

घरी आल्यावर रत्नाला सांगितलं. तिनं माझ्या हातातली शाल घेतली, घडी घातली आणि म्हणाली, "उद्या सकाळी परत करून या." दुसऱ्या दिवशी मी शाल, चौकट आणि मूळ फोटो घेऊन बाहेर पडलो. संघटनेचे अध्यक्ष मला बसासुद्धा म्हणाले नाहीत. पेपरच्या कचेरीत मूळ फोटो टेबलावर ठेवला. साधी कुत्री, साधी सावली. त्यांनी चौथ्या पानावर पाच ओळींत खुलासा छापला. कात्रण सोबत आहे. शरभाला पहिलं पान मिळालं होतं, भिंगरीला हे एवढंच. गल्लीत आता कोणी थांबवत नाही.

मग सांगोल्याला गेलो. बजाबाईची वाडी शोधायला दुपार झाली. डाळिंबाच्या बागा संपल्यावर उजाड माळ लागतो, तिथं आहे. ऐन हंगामात माघारी यावं लागल्यानं चाऱ्याचे हाल आहेत. मेंढरं हडकलीत. सिदूनं मला लांबूनच ओळखलं आणि पाठ फिरवली. दिपाली म्हणाली, "तुमी ते फोटूवालं न्हवं?" मी हो म्हणालो. या वेळचं हो फार जड गेलं.

बजाबाई लोकर कातत बसली होती. मी तिच्यासमोर मातीत बसलो आणि सगळं सांगितलं. आयाळ कुठून आणली, सावली का पुसली, १९ तारखेला काय केलं, सगळं. ती चाती फिरवतच होती. माझं झाल्यावर म्हणाली, "म्हंजी तवा ती तुमच्याकडं बगत हुती?" मी म्हटलं, हो. "व्हय, बगणारच की. तुमी तिला पोळी घातली हुती आदल्या दिशी. वळख धरायची ती."

मी रडलो, अक्का. तिनं मला थांबवलंही नाही आणि समजावलंही नाही.

मग मी विचारलं, काय करू सांगा. मला वाटलं होतं ती शिव्या देईल, किंवा नुकसान सांगेल. ती म्हणाली, "आमचा सगळ्यांचा मिळून येक बी फोटू न्हाय. कॅमेरा आणलाय न्हवं? काडा." सिदू यायला तयार नव्हता. म्हातारीनं एकदाच हाक मारली, आला. झोपडीसमोर तिघं उभे राहिले, मेंढरं मागं. बजाबाईनं सिदूला थोडं बाजूला सरकवलं आणि आपल्या डाव्या पायाशी हातभर जागा मोकळी ठेवली. मला वाटलं, तिला काय हवंय ते मला कळलं. म्हणालो, "बजाबाई, भिंगरीचा फोटो आहे माझ्याकडे. तिथं बसवून देतो. या वेळी सावलीसकट. कोणालाही कळणार नाही."

ती म्हणाली, "न्हाय. भरू नगा. ती हितं न्हाय ते दिसूं द्या."

फोटो काढला. सोबत एक प्रत पाठवतोय. काही केलेलं नाही, सिदूच्या कपाळावरची आठीसुद्धा तशीच ठेवलीय. तुमच्या रानात आता परत येणार नाही म्हणाली. मी खूप विनवलं. "रान चांगलं हाय, दानाक्का बी चांगली. पर मेंढरू तितं बसायचं न्हाय आता." निघताना एवढंच म्हणाली, बाभळीखाली नांगर घालू नका म्हणावं.

अव्वाचा फोटो परत भिंतीवर लावला असशील तर मला काढून टाक म्हणायचा हक्क नाही. पण तो मला द्यायचा असेल तर दे. मी त्यातून अव्वाला काढून तुला खरा फोटो करून देऊ शकतो. किंवा नको. तू सांगशील तसं.

गुरुशांत

शेतवस्ती
१२ फेब्रुवारी २०२५

चि. गुरुशांत,

पत्र आणि फोटो मिळाले. पाच ओळी मी देवळाच्या फळ्यावर चिकटवल्या. दोन दिवसांनी कोणीतरी फाडल्या. मग मी हातानं लिहून पुन्हा लावल्या.

बाभळीच्या भोवती तुझ्या दाजींनी दगड मांडलेत. नांगर तिथून वळसा घालून जाईल. शिवशरणनं न सांगता दोन टोपल्या दगड आणून टाकले आणि गेला.

अव्वाला फोटोतून काढू नकोस. ती चूक तुझी आहे आणि तशीच राहू दे. पण तो फोटो मी आता पेटीत ठेवलाय. त्याच्या जागी, त्या पांढऱ्या चौकोनावर, बजाबाईचा लावलाय. लहान पडतो, कडेनं पांढरं दिसतं.

मी सगळ्यांच्या सावल्या बघितल्या. आहेत. त्या मोकळ्या जागेत नुसती माती आहे.

आल्यागेल्याची नजर तिथंच जाते. म्हणतात, ही बाई अशी बाजूला सरकून का उभी आहे, इथं कोण होतं? मी त्यांना बसवून पाणी देते आणि पहिल्यापासून सांगते. तुझं नाव घेऊन सांगते, तम्मा. माझंही घेते.

अक्का